छातीत कळ आल्यापासून वर्षभराच्या गोळ्यांपर्यंत: हृदयरुग्ण आणि घरच्यांसाठी

हृदयविकाराच्या झटक्यात सर्वांत मोठं नुकसान दोन वेळा होतं, आणि दोन्ही वेळा माणूस घरीच असतो. पहिल्यांदा, कळ येते तेव्हा: ‘अ‍ॅसिडिटी असेल’ म्हणून सोडा घेतला जातो आणि सकाळ व्हायची वाट पाहिली जाते. दुसऱ्यांदा, स्टेंट (वाहिनी उघडी ठेवणारी बारीक जाळी) बसवून घरी आल्यावर: चार महिन्यांत बरं वाटू लागतं आणि गोळ्या सुटतात. मधला भाग डॉक्टरांच्या हातात असतो. ही दोन टोकं मात्र रुग्णाच्या, बायकोच्या, मुलाच्या, सुनेच्या हातात असतात. तालुक्याच्या गावी प्रॅक्टिस करताना काही प्रश्न लोक समोर बसून विचारत नाहीत, दाराशी चपला घालता घालता विचारतात. त्या प्रश्नांची उत्तरं रुग्णाच्या वाटेनेच, एकेक टप्प्याने देतो आहे.

पहिला टप्पा: ही अ‍ॅसिडिटी की हृदय?

हृदयाचं दुखणं ‘दुखतंय’ या शब्दात क्वचितच सांगितलं जातं. लोक म्हणतात, छातीवर दडपण आलंय, आवळल्यासारखं होतंय, छाती भरून आलीय, जड झालीय. दाखवताना एक बोट ठेवत नाहीत, अख्खा तळवा किंवा मूठ छातीच्या मधोमध ठेवतात. ‘हृदय डावीकडे, मला तर मध्ये दुखतंय’ या हिशेबावर निर्धास्त राहू नका. हे दुखणं बहुधा मध्येच असतं आणि तिथून डाव्या किंवा दोन्ही हातांत, खांद्यात, जबड्यात, गळ्यात, पाठीत जातं. कधी ते नुसतं पोटाच्या वरच्या भागातच राहतं, आणि सगळा घोळ तिथेच होतो. मळमळतं, ढेकर येतात, एखादी उलटी होते. उलटीनंतर जरा हलकं वाटलं किंवा अ‍ॅसिडिटीच्या औषधाने थोडं कमी झालं, तरी त्यावरून हृदय ठीक आहे असं अजिबात ठरत नाही.

सोबत दरदरून घाम, दम लागणं, घाबरं होणं, चेहरा पांढरा पडणं यांतलं काही असेल तर घरात चर्चा करायची नाही, निघायचं. दुखणं १५-२० मिनिटांत थांबलं नाही तरी निघायचं. आणि ज्यांना मधुमेह आहे, वय ७० च्या पुढे आहे, किंवा रुग्ण बाई आहे, तिथे छातीत दुखण्याची वाट पाहू नका. या लोकांत कित्येकदा कळ येतच नाही. अचानक आलेला थकवा, विनाकारण धाप, घाम, एवढंच होतं. आपल्याकडच्या बायका तर स्वयंपाक उरकून, सगळ्यांना जेवायला वाढून मग सांगतात की सकाळपासून जीव घाबरतोय. घरातल्या बाईने असं म्हटलं की त्याच क्षणी ईसीजी काढायला न्या.

बोटाने नेमकी जागा दाखवता येते, दाबलं की जास्त दुखतं, सुई टोचल्यासारखं दोन सेकंद येऊन जातं, कूस बदलली की बदलतं, असं दुखणं बहुतेक वेळा स्नायूंचं किंवा बरगड्यांचं असतं. पण ‘बहुतेक’ आणि ‘नक्की’ यांच्यात एका ईसीजीचं अंतर आहे, आणि ते घरी बसून पार होत नाही.

‘माझं वय काय, आत्ता तर पंचेचाळिशी’ हेही ऐकू येतं. ५२ देशांत झालेल्या इंटरहार्ट अभ्यासात दक्षिण आशियाई लोकांना पहिला झटका आला तेव्हाचं मधलं वय ५३ होतं, बाकीच्या देशांतल्या लोकांत ते ५९ च्या आसपास होतं. म्हणजे आपल्या लोकांना हा आजार जवळपास सहा वर्षं आधी गाठतो. तंबाखू, मधुमेह, वाढलेलं रक्तदाब आणि घराण्यातला आजार असेल तर चाळिशीही लवकर नाही.

याहून वेगळा एक प्रकार आहे. चढ चढताना, जेवून लगेच चालताना छातीत भरून येतं आणि दोन मिनिटं थांबलं की जातं. याला अंजायना म्हणतात. थांबल्यावर जातं म्हणून लोक महिनोन्‌महिने अंगावर काढतात. हे रोजच्या ठरावीक श्रमाला ठरावीकच येत असेल तर त्या आठवड्यात डॉक्टरांना दाखवा. ते नव्याने सुरू झालं असेल, कमी श्रमाला यायला लागलं असेल, किंवा बसल्या बसल्या आलं असेल, तर त्याच दिवशी दवाखाना.

दुसरा टप्पा: पहिला तास

शंका आली की या क्रमाने करा.

१. रुग्णाला आहे तिथेच बसवा, पाठीला आधार देऊन, अर्धवट बसल्यासारखं. जिना चढवू-उतरवू नका, ‘जरा चालून बघ, गॅस मोकळा होईल’ असं म्हणू नका.

२. १०८ ला फोन लावा. कुणी एकाने फोनवर थांबायचं, दुसऱ्याने रस्त्यावर उभं राहायचं, म्हणजे गाडीला घर सापडतं. गाडी यायला वेळ लागणार असं कळलं आणि दारात चारचाकी आहे, तर निघा. पण रुग्णाने स्वतः गाडी चालवायची नाही. मोटारसायकलवर मध्ये बसवून नेणंही टाळा. वाटेत शुद्ध हरपली तर सावरता येत नाही.

३. अ‍ॅस्पिरिनची ३०० ते ३२५ मिलिग्रॅमची एक मात्रा चावून खायला द्या. घरात ७५ च्या गोळ्या असतील तर चार. नुसती गिळू नका, चावली की लवकर लागू पडते. अ‍ॅस्पिरिनची अ‍ॅलर्जी असेल, पोटात अल्सरचा रक्तस्राव झालेला असेल, किंवा तोंड वाकडं होणं, बोलणं अडखळणं, हात-पाय लुळा पडणं अशी पक्षाघाताची लक्षणं असतील, तर देऊ नका.

४. जिभेखाली ठेवायची सॉर्बिट्रेट ज्याला डॉक्टरांनी आधी लिहून दिली आहे त्यालाच, आणि बसवूनच द्या. शेजाऱ्याच्या डब्यातली नको. या गोळीने रक्तदाब झपकन उतरतो. लैंगिक ताकदीसाठीची सिल्डेनाफिल गेल्या २४ तासांत किंवा टॅडालाफिल ४८ तासांत घेतली असेल तर सॉर्बिट्रेट जिवावर बेतू शकते. ही गोष्ट लाजेपोटी लपवली जाते. बायकामुलांसमोर नाही, निदान डॉक्टरांच्या कानात तरी सांगा.

५. जुनी फाईल, चालू गोळ्यांची पाकिटं, आधार कार्ड आणि रेशन कार्ड एका पिशवीत टाका. ते शोधण्यासाठी निघायचं थांबवू नका, मागून आणता येतं.

मोबाइलवर एक सल्ला वर्षानुवर्षं फिरतो आहे: एकटे असताना झटका आला तर जोरजोरात खोकत राहा. असं करू नका. शुद्धीवर असलेल्या माणसाला खोकून काही फायदा होत नाही, वेळ मात्र जातो. आलं, लसूण, तिखट पाणी यांचंही तसंच. त्या मिनिटांत करायच्या गोष्टी दोनच, अ‍ॅस्पिरिन आणि वाहन.

रुग्ण कोसळला, हाक मारली तर उत्तर देत नाही, श्वास घेत नाही किंवा मधूनच आचके देतो आहे, तर हृदय थांबलं असं समजा. त्याला कडक जमिनीवर उताणं झोपवा. छातीच्या मधोमध एका हाताचा तळवा, त्यावर दुसरा हात, कोपर सरळ. मिनिटाला १०० ते १२० च्या वेगाने, दोन-अडीच इंच खोल दाबत राहा. प्रत्येक दाबानंतर छाती पूर्ण वर येऊ द्या. तोंडाने श्वास देता येत नसेल तर नका देऊ, दाबणं थांबवू नका. दमलात तर दुसऱ्याने घ्यायचं. बरगडी मोडेल या भीतीने हात आखडू नका. बरगडी जुळते. मदत येईपर्यंत मेंदूला रक्त पोचवण्याचा दुसरा कुठलाही मार्ग घरात नसतो.

तिसरा टप्पा: गावातला दवाखाना, आणि ‘डायरेक्ट शहरात नेऊ का?’

दवाखान्यात पोचल्यावर पहिल्या १० मिनिटांत ईसीजी निघायला हवा. केस-पेपर, पैसे भरणं नंतर. ‘छातीत दुखतंय, आधी ईसीजी काढा’ हे वाक्य काउंटरवर मोठ्याने म्हणा.

पहिला ईसीजी नॉर्मल आला की नातेवाईक घरी जायला उतावीळ होतात, आणि डॉक्टरांनी थांबवलं की बिल वाढवताहेत असं वाटतं. पण झटक्याच्या सुरुवातीला ईसीजी अगदी साफ असू शकतो. म्हणून तो थोड्या थोड्या वेळाने पुन्हा काढतात. ट्रोपोनिन नावाचं प्रथिन हृदयाच्या स्नायूला इजा झाली की रक्तात येतं, पण तेही वाढायला काही तास लागतात. आल्या आल्या केलेली ट्रोपोनिन तपासणी निगेटिव्ह आली तरी ती पुन्हा करावी लागते. तेव्हा ‘ईसीजी नॉर्मल, तरी ठेवताय का?’ याचं उत्तर होय, ठेवायलाच हवं.

ईसीजीत मोठा झटका दिसला, म्हणजे रक्तवाहिनी गुठळीने पूर्ण बंद झाली आहे, तर ती उघडायचे दोन मार्ग आहेत. तातडीची अँजिओप्लास्टी (बारीक नळीने आत जाऊन फुग्याने वाहिनी उघडणं आणि स्टेंट बसवणं), किंवा गुठळी विरघळवणारं इंजेक्शन. पहिला मार्ग चांगला, पण कॅथलॅबमध्ये, म्हणजे अँजिओप्लास्टी होते त्या विभागात, वाहिनी उघडेपर्यंत १२० मिनिटांपेक्षा जास्त लागणार असतील तर इंजेक्शन आधी, प्रवास नंतर. धडगाव, भामरागड किंवा सिरोंचाच्या रुग्णाला हे गणित कुणी समजावायची गरज नाही, घाटरस्ते आणि पावसाळ्यातले नाले त्याला माहीत आहेत. पण सरळ रस्त्यावरच्या तालुक्यातही गाडी मिळणं, निघणं, मोठ्या इस्पितळात भरती होणं, टीम जमणं यात दोन तास सहज जातात.

माझं सगळ्यांत कळकळीचं सांगणं इथेच आहे. ‘इथे काही करू नका, आम्ही डायरेक्ट पुण्याला नेतो’ हे प्रेमापोटी म्हटलं जातं, आणि त्या प्रेमाने हृदयाचा स्नायू मरतो. स्ट्रेप्टोकायनेज किंवा टेनेक्टेप्लेज हे इंजेक्शन पहिल्या तीन तासांत दिलं तर सर्वांत जास्त उपयोगी पडतं. बारा तासांपर्यंत देतात, पण प्रत्येक तासाला फायदा घटत जातो. ते घेतलं म्हणजे शहरात जायचं नाही असं नाही. इंजेक्शन देऊन मग हलवतात आणि पुढच्या ३ ते २४ तासांत अँजिओग्राफी (औषध सोडून वाहिन्यांचं चित्र काढणं) करतात.

डॉक्टरांना तीन प्रश्न विचारा. वाहिनी पूर्ण बंद आहे का? गुठळी विरघळवण्याचं इंजेक्शन इथे देता येईल का, आणि या रुग्णाला ते चालेल का? अलीकडे पक्षाघात झालेला असेल, मेंदूत कधी रक्तस्राव झाला असेल, नुकतंच मोठं ऑपरेशन झालं असेल तर ते देत नाहीत. आणि तिसरा, ज्या इस्पितळात पाठवताय तिथे कॅथलॅब आत्ता चालू आहे का, फोन केला का? या तिसऱ्या प्रश्नाने रुग्णाची एका दारातून दुसऱ्या दारात होणारी फरफट वाचते. सिंधुदुर्गातले पुष्कळ लोक सीमेपलीकडे गोव्यात बांबोळीच्या मेडिकल कॉलेजला जातात. तुमच्या गावाहून जवळची चालू कॅथलॅब कुठली, हे घरात कुणी आजारी नसतानाच विचारून फोनमध्ये नंबर ठेवा.

चौथा टप्पा: ‘स्टेंट घालायलाच हवा का?’

याचं उत्तर परिस्थितीवर आहे, आणि दोन परिस्थितींची गल्लत केल्यामुळे लोक दोन्हीकडे फसतात.

झटका चालू आहे, वाहिनी बंद आहे: इथे दुसरं मत, तिसरं मत घेत बसायचं नाही. सही करा.

झटका नाही, चालताना भरून येतं किंवा तपासणीत ब्लॉकेज निघाला आहे: इथे वेळ असतो. अँजिओग्राफीच्या टेबलावर रुग्ण आडवा आणि बाहेर नातेवाईकांना ‘९० टक्के ब्लॉकेज आहे, आत्ताच टाकू का?’ असं विचारलं जातं तेव्हा कुणीही हो म्हणेल. इश्केमिया नावाच्या मोठ्या चाचणीत, जिचे निष्कर्ष २०१९ च्या शेवटी जाहीर झाले, अशाच स्थिर स्थितीतल्या ५ हजारांहून अधिक रुग्णांना दोन गटांत विभागलं होतं. एका गटाला औषधांसोबत स्टेंट किंवा बायपास (ब्लॉकेज टाळून रक्ताला नवी वाट करून देणारं ऑपरेशन), दुसऱ्याला आधी फक्त नीट औषधं. काही वर्षांनंतर मृत्यू आणि झटका यांत दोन्ही गटांत फरक पडला नाही. ज्यांना वारंवार अंजायना होता त्यांचा त्रास मात्र स्टेंट-बायपासने जास्त कमी झाला. म्हणजे स्थिर आजारात स्टेंट त्रास कमी करायला आहे, आणि घाई करायचं कारण नाही. डाव्या मुख्य वाहिनीतला ब्लॉकेज किंवा दुबळं झालेलं हृदय यांना हा नियम लागू नाही.

‘४० टक्के ब्लॉकेज आहे, पण डॉक्टरांनी काहीच केलं नाही’ ही तक्रार घेऊन येणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं की साधारण ७० टक्क्यांच्या खालच्या ब्लॉकेजने सहसा रक्तपुरवठा अडत नाही (डाव्या मुख्य वाहिनीसाठी ही रेघ ५० टक्क्यांची). त्याला स्टेंट नको, पण गोळी हवीच. कारण झटका कित्येकदा छोट्या ब्लॉकेजवरच येतो. त्याचं आवरण फुटतं आणि वर गुठळी धरते. मधुमेह आणि तिन्ही वाहिन्यांत आजार असेल तर बायपासचा विचार नीट करा. अशा रुग्णांत तो स्टेंटपेक्षा सरस ठरलेला आहे.

खर्चाबद्दल. फेब्रुवारी २०१७ मध्ये केंद्र सरकारने स्टेंटच्या किमतीवर मर्यादा घातली आणि औषधाचा लेप असलेला स्टेंट ३० हजारांच्या आत आला. त्याआधी त्यासाठी लाखाच्या वर रक्कम जात असे. ही मर्यादा वेळोवेळी बदलते, पण ती आजही आहे. मात्र बलून, वायर, प्रक्रियेचं शुल्क वेगळं लागतं. त्यामुळे ‘स्टेंटचे किती आणि बाकीचे किती’ असं वेगळं विचारा. स्टेंटच्या पाकिटावरचं स्टिकर फाईलला लावून घ्या आणि अँजिओग्राफीची सीडी मागा. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतल्या इस्पितळात अँजिओप्लास्टी आणि बायपास दोन्ही बसतात. तिथे ‘आरोग्यमित्र’ असा फलक लावलेलं टेबल असतं, भरती होतानाच त्याला गाठा. डिस्चार्जच्या वेळी आठवण झाली तर उशीर झालेला असतो.

पाचवा टप्पा: गोळ्या, ज्यांच्यावर सगळं उभं आहे

डिस्चार्ज कार्डवर सहा-सात गोळ्या असतात आणि घरी त्यांना ‘रक्त पातळ करायच्या’ एवढंच नाव असतं. कोणती कशासाठी हे कळलं की सुटत नाहीत.

अ‍ॅस्पिरिन आणि तिच्यासोबतची दुसरी, म्हणजे क्लोपिडोग्रेल, टिकाग्रेलोर किंवा प्रासुग्रेल, या दोघी मिळून स्टेंटमध्ये गुठळी होऊ देत नाहीत. झटक्यानंतर ही जोडी साधारण वर्षभर, स्थिर आजारात स्टेंट घातला असेल तर साधारण सहा महिने. मग एक बंद होते आणि दुसरी, बहुधा अ‍ॅस्पिरिन, कायम राहते. ही मुदत तुमच्या डॉक्टरांकडून कार्डवर तारीख घालून लिहून घ्या. पहिल्या महिन्यात या दोन्ही गोळ्या अचानक बंद केल्या तर स्टेंट गुठळीने बुजू शकतो, आणि तो झटका पहिल्यापेक्षा घातक असतो. गाव सोडून लग्नाला जाताना, शेतावर मुक्कामाला जाताना आधी ही दोन पाकिटं पिशवीत.

दात काढायचा आहे, मोतीबिंदू करायचा आहे, आणि तिथले डॉक्टर म्हणतात गोळ्या पाच दिवस बंद करा: स्वतः बंद करू नका. दात काढणं आणि मोतीबिंदू बहुतेक वेळा गोळ्या चालू ठेवून होतात. मोठं ऑपरेशन पुढे ढकलता येण्यासारखं असेल तर ढकलतात. आधी हृदयाच्या डॉक्टरांना फोन.

टिकाग्रेलोरने काही लोकांना दम लागल्यासारखं वाटतं. हृदय बिघडलं असं समजून घाबरू नका, पण गोळीही सोडू नका. डॉक्टर तपासून बदलून देतात. रामिप्रिलसारख्या रक्तदाबाच्या गोळीने कोरडा ढास लागतो, आणि लोक सहा महिने खोकल्याची औषधं पीत बसतात. हाही बदलून मिळतो. अ‍ॅम्लोडिपिनने घोट्याला सूज येते. हृदयाचा वेग कमी करणाऱ्या बीटा-ब्लॉकरने सुरुवातीला मरगळ वाटते. यातल्या प्रत्येक तक्रारीला पर्याय आहे. तक्रार सांगायची, गोळी आपण होऊन बंद करायची नाही.

आता कोलेस्टेरॉल उतरवणारी स्टॅटिन, म्हणजे अ‍ॅटोरव्हास्टॅटिन किंवा रोसुव्हास्टॅटिन. जेवढी बदनामी या गोळीची होते तेवढी कुठलीच होत नाही. ‘कोलेस्टेरॉल नॉर्मल आलं, आता बंद करू का?’ नाही. ते गोळीमुळेच नॉर्मल आलं आहे. झटक्यानंतर साधा नॉर्मल आकडा पुरतही नाही, एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, ५५ च्या खाली हवं. तेवढं उतरलं नाही तर इझेटिमाइब जोडतात. ‘लिव्हर खराब होतं’ असं म्हणतात, पण गंभीर इजा अत्यंत विरळ आहे आणि रक्ततपासणीत ती दिसते. स्नायू दुखतात हे काहींच्या बाबतीत खरं आहे. त्यावर मात्रा कमी करता येते, दुसरी स्टॅटिन देता येते. लघवी चहासारखी गडद झाली आणि अंग प्रचंड दुखतंय तर मात्र गोळी थांबवून त्याच दिवशी दाखवा.

गुडघेदुखीसाठी मेडिकलमधून परस्पर डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन घेऊ नका. झटका आणि रक्तस्राव दोन्हींचा धोका वाढतो, मूत्रपिंडावरही ताण येतो. पॅरासिटामोल चालते. जनऔषधी केंद्रातली स्वस्त गोळी चालेल का, हे सारखं विचारलं जातं. चालेल. घटकाचं नाव आणि मिलिग्रॅम कार्डाशी जुळवून घ्या, आणि जुनी-नवी दोन्ही एकाच वेळी खाऊ नका. नाव वेगळं म्हणून एकच औषध दुप्पट घेतलेले लोक खरोखर येतात.

उपवासाला गोळ्या सोडू नका. एकादशी असो, नवरात्र असो की रोजा, वेळा कशा बदलायच्या ते आधी विचारा. इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी तर आधी विचारल्याशिवाय उपास धरूच नये. आणि ‘नसा साफ करणारे’ काढे, सलाइनने ब्लॉकेज वितळवणारी केंद्रं यांच्या जाहिरातींवर गोळ्या सोडलेला रुग्ण मी पुन्हा झटका घेऊन आलेला पाहिला आहे. बसलेला ब्लॉकेज काढ्याने वितळतो याला पुरावा नाही.

सहावा टप्पा: घरी आल्यावरच्या भीती

स्टेंट हलत नाही, चालताना सरकत नाही. काही आठवड्यांत वाहिनीच्या अस्तरात तो झाकला जातो. आताच्या स्टेंटनंतर एमआरआय करता येतो, फक्त स्टिकर दाखवा. मनगटातून केलं असेल तर आठवडाभर त्या हाताने घागर, गॅसची टाकी उचलू नका.

चालणं दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून घरात, मग अंगणात, मग रस्त्यावर. आधी पाच मिनिटं, मग दर दोन-तीन दिवसांनी थोडं वाढवत अर्ध्या तासापर्यंत. चालताना बोलता यावं, गाणं म्हणता येऊ नये, एवढा वेग. जेवून लगेच नको, कडाक्याच्या थंडीत पहाटे नको. जिना पहिल्या आठवड्यात सावकाश. गाडी साधारण दोन-चार आठवड्यांनी, शेतीची जड कामं आणि जेजुरीच्या पायऱ्या डॉक्टरांना विचारून. हृदय किती टक्के काम करतंय यावर ते ठरतं. टूडी इकोच्या (हृदयाच्या सोनोग्राफीच्या) रिपोर्टवर ईएफ असा आकडा असतो. ५५ च्या वर चांगला, ४० च्या खाली म्हणजे हृदय दुबळं. हा आकडा १०० पैकी गुण नाहीत, निरोगी माणसाचाही ६० च्या आसपासच असतो.

नवरा-बायकोच्या संबंधांबद्दल कुणी विचारत नाही, आणि मग दोघंही भीतीने वेगळे झोपतात. दोन जिने न थांबता, छातीत न दुखता, फार दम न लागता चढता येत असतील तर संबंध ठेवायला हरकत नाही. लैंगिक ताकदीची गोळी घ्यायची असेल तर सॉर्बिट्रेटबद्दल वर सांगितलं ते आठवा.

झोप न येणं, रडू येणं, छातीत साधी चमक आली तरी दरवाजा गाठणं, हे पहिल्या काही महिन्यांत अनेकांना होतं. दोन-तीन आठवड्यांत कमी झालं नाही तर तेही डॉक्टरांना सांगायचंच लक्षण आहे, त्यावर उपचार आहेत. आणि घरच्यांनी रुग्णाला काचेच्या भांड्यासारखं जपू नये. दिवसभर पलंगावर बसवून ठेवलेलं हृदय सुधारत नाही.

खाण्याचं थोडक्यात. मीठ दिवसाला एक चमचा, म्हणजे ५ ग्रॅम, त्यात पापड, लोणचं, फरसाण, वेफर सगळं धरून. भाकरी, उसळ, पालेभाजी, मासे चालतात. तेल कुठलं यापेक्षा महिन्याला किती संपतं ते बघा. तंबाखू मात्र पूर्ण बंद: विडी, गुटखा, आणि मिश्रीसुद्धा. आपल्या बायका मिश्री दात घासायला म्हणून लावतात आणि ‘व्यसन आहे का?’ याला नाही म्हणतात. मिश्री ही भाजलेली तंबाखूच आहे, तिचं निकोटिन हिरड्यांतून रक्तात जातं. आई, आजी, सासूबाई रुग्ण असतील तर हे नाव घेऊन विचारा.

सातवा टप्पा: पुढच्या तपासण्या, आणि परत कधी धावायचं

रक्तदाब घरी मोजताना पाच मिनिटं शांत बसा, पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, पट्टा हृदयाच्या उंचीला. चहा, तंबाखू अर्धा तास आधी नको. दोन वेळा मोजून वहीत लिहा. बहुतेकांसाठी १३०/८० च्या आत हवा. डिस्चार्जनंतर आठवडा-दोन आठवड्यांत पहिली भेट, चार ते सहा आठवड्यांनी कोलेस्टेरॉल, सोबत साखर आणि मूत्रपिंडासाठी क्रिएटिनिन. हृदय दुबळं झालं असेल तर सुमारे तीन महिन्यांनी पुन्हा टूडी इको. अशा लोकांनी रोज सकाळी शौचानंतर वजन करावं. तीन दिवसांत दोन किलो वाढलं, पायावर सूज आली, उशी उंच केल्याशिवाय झोपवत नाही, रात्री धाप लागून उठावं लागतं, तर शरीरात पाणी साठतं आहे. भेटीच्या तारखेपर्यंत थांबू नका.

छातीत धडधड झाली तर नाडी धरून मिनिटभर मोजा, नियमित आहे का बघा. एखादा ठोका चुकणं बहुतेकदा निरुपद्रवी असतं. पण धडधडीसोबत चक्कर, घेरी, छातीत दुखणं असेल, किंवा नाडी पूर्ण अनियमित वाटत असेल, तर ती चालू असतानाच ईसीजी काढून घ्या. थांबल्यावर काढलेल्या कागदात काही सापडत नाही. काळी शौच, न थांबणारा घोळणा, अचानक तीव्र डोकेदुखी यांसाठीही त्याच दिवशी दवाखाना. पहिल्यासारखीच कळ पुन्हा आली तर दुसऱ्या टप्प्यापासून सुरुवात.

राहिले घरातले बाकीचे. वडील किंवा भाऊ यांना ५५ च्या आधी, आई किंवा बहीण यांना ६५ च्या आधी झटका आला असेल तर त्या घरातल्या भावंडांनी आणि विशीच्या पुढच्या मुलांनी रक्तदाब, साखर आणि कोलेस्टेरॉल एकदा तपासून घ्यावं. एलडीएल १९० च्या वर निघालं तर तो घराण्यातून आलेला दोष असू शकतो, आणि मग लहान मुलांचंही रक्त तपासावं लागतं. रुग्णाच्या पुढच्या भेटीला जाताना मुलालाही उपाशीपोटी सोबत न्या, रक्त त्याच वेळी देता येतं.